स्मृतीचें दान आणि अपस्मार

शिरूर वा दौंड तालुक्यांत एखादें मूल अकालीं गेलें, तर आईबाप त्याच्या नांवानें शाळेला बांक देतात, देवळाला घंटा बांधतात. नांव दगडावर उरतें; मूल ज्या व्याधीनें गेलें ती मात्र गांवांत तशीच राहते. फेफऱ्यानें, म्हणजे अपस्मारानें, गेलेल्या मुलाच्या घरीं तर तिचा उच्चारही होत नाहीं. भावंडांचीं लग्नें व्हावयाचीं असतात ना!

निराळें स्मारक महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें निवर्तल्या. पुढच्याच वर्षीं सर दोराबजींनीं त्यांच्या स्मरणार्थ विश्वस्त निधि स्थापून त्याच्या उत्पन्नाचा चार-पंचमांश भाग त्याच रोगाच्या संशोधनास लावून दिला.

अपस्माराच्या बाबतींत हा मार्ग शिकागोच्या पालकांनीं धरला. तेथील एका कुटुंबाचा चार वर्षांचा मुलगा २००९ सालीं रात्रीं झोपेंत झटका येऊन गेला. असाही मृत्यु येतो, हें त्यांस ठाऊकच नव्हतें. त्यांनीं ‘डॅनी डिड’ ही संस्था काढून लोकवर्गणीतून ही माहिती घरोघर पोंचविली. संशोधनासाठीं वर्गणी जमविणारी ‘क्युअर’ ही पालकांचीच संस्था तेथें १९९८ सालीं निघाली होती.

संशोधन तें कशाचें? मेंदूंतील पेशींचें विद्युत्कार्य एकाएकीं बेताल झालें कीं झटका येतो. शंभरांपैकीं सुमारें ७० जणांचे झटके योग्य व नियमित औषधानें थांबूं शकतात. कांदा वा जोडा हुंगवून एकाचाही थांबत नाहीं. उरलेल्यांचे कां थांबत नाहींत, आणि झटक्यामागून एखाद्याचा श्वास कां बंद पडतो, ह्याचा पुरता उलगडा अद्यापि झालेला नाहीं. अपस्मार असलेल्या १,००० प्रौढांमागें वर्षास सुमारें एकजण असा अकस्मात् जातो. मनानेंच औषध सोडल्यास धोका वाढतो.

अशा कामास प्रयोगशाळाच लागते असें नव्हे. शिरूर तालुक्यांतील वढू बुद्रुक येथें डॉ. बानू कोयाजी ह्यांच्या पुढाकारानें पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयानें ग्रामारोग्याचें केंद्र उभारलें. तेथें २००२ सालापासून आसपासच्या २२ गांवांतील जन्म-मृत्यूंची नोंद घरोघर जाऊन करण्याची पद्धत सुरू झाली. अशा वहींचें मोल मोठें. घोडेच्या वा भीमेच्या पात्रांत मूल बुडालें, तर सरकारी कागदावर ‘बुडून मृत्यु’ एवढेंच येतें. पूर्वीं झटके येत होते काय, हें घरीं बसून विचारल्याखेरीज कळत नाहीं. तें विचारणाऱ्या एका सेवकाचें वर्षाचें वेतन चार घरें मिळून सहज देऊं शकतील. मात्र पावतीवर मुलाच्या नांवाशेजारीं त्याच्या व्याधीचेंही नांव त्यांनीं लिहूं दिलें पाहिजे.