न बनलेल्या सिनेमाची दोन मिनिटं

पटकथा लिहून झाली, की हल्ली पुढचा सल्ला ठरलेला असतो : "एक सिझल रील कर." निर्मात्याला सव्वाशे पानं वाचायला वेळ नसतो, दोन मिनिटांचा व्हिडिओ मात्र तो पाहतो, हे त्यामागचं कारण. ते खोटं नाही. पण बरेच जण आधी संगीत निवडतात, मग ड्रोनचे शॉट गोळा करतात आणि सगळ्यात शेवटी स्वतःच्या गोष्टीकडे वळतात. जे तयार होतं ते कुठल्याही सिनेमाचं वाटू शकतं, म्हणजे कुठल्याच सिनेमाचं वाटत नाही.

संहिता वाचून किंवा नॅरेशन ऐकून निर्मात्याच्या मनात एखादी शंका उरते. ती शंका पडद्यावर मिटवणं, एवढंच सिझल रीलचं काम. 'गोष्ट बरी आहे, पण हे दिसणार कसं?' 'हा नवा मुलगा दिग्दर्शन पेलेल का?' 'ड्रम वाजवणाऱ्या पोराची गोष्ट कोण बघायला येणार?' शंका बदलली की रील बदलायला हवी. रीलबद्दलचे बहुतेक गैरसमज ही शंका न हुडकताच कामाला लागल्यामुळे होतात.

'सिझल रील म्हणजे आधीच केलेला ट्रेलर'

दिसायला दोन्ही सारखे असतात, पण ट्रेलर तयार सिनेमाची तिकिटं विकतो आणि त्यासाठी शेवट झाकून ठेवतो. रील दाखवायची असते ती मोजक्या माणसांना, आणि त्यांना पैसे घालायचे असतात. त्यांच्यापासून शेवट लपवून काय मिळणार? शेवट तर ते संहितेत वाचणारच आहेत. 'एक गाव… एक रहस्य… आणि एक रात्र…' अशा पाट्या टाकून उत्सुकता ताणणारी रील पाहिली, की लेखकाला गोष्ट सांगता येते का, हीच नवी शंका उभी राहते. त्यापेक्षा पहिल्या पंधरा-वीस सेकंदांत जग कोणतं, माणूस कोण आणि त्याची अडचण काय, एवढं कळू द्यावं. उरलेला वेळ सिनेमाचा सूर ऐकवण्यासाठी ठेवावा.

'हे अलीकडचं खूळ आहे'

सॅम रेमीने मित्रांना हाताशी धरून 'विदिन द वूड्स' हा अर्ध्या तासाचा भयपट केला तो १९७८मध्ये. पैसेवाल्यांना तो दाखवून त्याने 'द एव्हिल डेड'साठी पैसा उभा केला. त्या सिनेमाच्या संकलनात जोएल कोएन साहाय्यक होता. त्याने ही युक्ती उचलली. भाऊ इथनबरोबर लिहिलेल्या 'ब्लड सिंपल'चा छोटा ट्रेलर या दोघांनी सिनेमाचं चित्रीकरण सुरू होण्याआधीच करून टाकला आणि प्रोजेक्टर घेऊन लोकांच्या घरी जाऊन तो दाखवला. त्यात ब्रूस कॅम्पबेल होता. १९८४च्या सिनेमात तो नाही. रीलमधला नट सिनेमात असलाच पाहिजे असं बंधन तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

'स्वतः काही शूट केल्याशिवाय रील होत नाही'

रायन जॉन्सनचा 'लूपर' २०१२मध्ये आला. चित्रीकरणाआधी त्याने इतर सिनेमांतली दृश्यं जोडून एक नमुना ट्रेलर केला आणि त्यावर जोसेफ गॉर्डन-लेव्हिटचं निवेदन घातलं. अशा उसन्या दृश्यांच्या रीलला या धंद्यात 'रिपोमॅटिक' म्हणतात. 'लूपर'ची अडचण उघड होती. काळप्रवासाची गोष्ट म्हटली की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चकचकीत यंत्रं येतात, आणि हा सिनेमा तर मळकट, रस्त्यावरच्या गुन्हेगारांचा. शिवाय कल्पना गुंतागुंतीची. निवेदनाने गुंता सोडवायचा आणि दृश्यांनी मळ दाखवायचा, अशी ही विभागणी.

उसनी दृश्यं घेताना दोन चुका सर्रास होतात. एक म्हणजे गाजलेला प्रसंग उचलणं. पाहणाऱ्याला लगेच तो सिनेमा आठवतो आणि तुमचा विसरतो. ओळखीचा चेहरा समोरून न घेता पाठमोरा, हाताचा किंवा अंधारातला शॉट घ्यावा. दुसरी चूक मराठी सिनेमाच्या बाबतीत जास्त महागात पडते. मराठवाड्यातल्या एका वस्तीत घडणाऱ्या गोष्टीची रील हॉलिवूडच्या युद्धपटातल्या दृश्यांनी सजवली, की निर्माता मनातल्या मनात बजेट गुणू लागतो आणि उठून जातो. अशा गोष्टीला ती वस्ती मोबाइलवर टिपून आणलेली बरी. पहाटेचा उजेड, टँकरपाशी लागलेली घागरींची रांग आणि तिथलेच आवाज. आवाज तर हमखास दुर्लक्षिले जातात. वेगवेगळ्या ठिकाणची दृश्यं एका सिनेमाची वाटतात ती बरीचशी खाली अखंड चालणाऱ्या ध्वनीमुळे आणि सगळ्या शॉटचे रंग एकाच छटेत आणल्यामुळे. संवाद मात्र दुसऱ्या सिनेमाचे नकोत. आपल्याच संहितेतली दोन वाक्यं एखाद्या नटाकडून म्हणवून घ्यावीत.

'दहा सेकंदांपर्यंत काहीही वापरलं तर चालतं'

हा नियम सगळ्यांना पाठ असतो, फक्त कायद्यात तो नाही. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७चा. त्याच्या कलम ५२मध्ये उचित वापराची मुभा आहे ती खासगी किंवा वैयक्तिक वापर, संशोधन, टीका-समीक्षा आणि चालू घडामोडींचं वृत्तांकन यांसाठी. तिथे सेकंदांचं कोणतंही माप दिलेलं नाही. पैसे उभे करण्यासाठी केलेलं सादरीकरण या चौकटीत आपोआप बसतं, असं धरून चालणं धोक्याचं आहे. 'सौजन्य' अशी पाटी टाकल्याने परवानगी मिळत नाही. गाण्याच्या बाबतीत तर शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळ्या लोकांकडे असू शकतात.

मग सगळेच हे कसं करतात? बंद दाराआड करतात. रील पासवर्ड लावलेल्या लिंकवरून ठरावीक माणसांना जाते, किंवा बैठकीत लॅपटॉपवर दाखवली जाते. यामुळे ती कायदेशीर ठरत नाही, कुणी हरकत घेण्याची शक्यता तेवढी कमी होते. ती उघडपणे नेटवर टाकणं, तिच्यावर लोकांकडून वर्गणी मागणं किंवा महोत्सवात दाखवणं हे प्रकार वेगळे आणि टाळण्यासारखे. निदान संगीत तरी स्वतः करून घ्यावं किंवा परवाना विकत घ्यावा.

'सगळ्यात भव्य प्रसंग शूट करावा'

जेम्स वॉन आणि ली व्हॅनेल हे ऑस्ट्रेलियातले दोन तरुण. 'सॉ'ची संहिता हातात होती, पैसा नव्हता. २००३मध्ये त्यांनी संहितेतला एकच प्रसंग जेमतेम दहा मिनिटांच्या लघुपटात उतरवला : जबड्यावर लोखंडी सापळा बसवलेला माणूस आणि संपत चाललेला वेळ. सापळ्यातला माणूस व्हॅनेल स्वतः झाला. ही फिल्म संहितेसोबत लॉस एंजेलिसला गेली. तिथे शंका गोष्टीबद्दल कमी आणि या दोघांबद्दल जास्त असणार, कारण वॉनला दिग्दर्शन करायचं होतं आणि व्हॅनेलला प्रमुख भूमिका हवी होती. दहा मिनिटांच्या त्या फिल्मने दोन्ही सिद्ध झालं. सिनेमा २००४मध्ये आला, दोघांनाही हवं ते मिळालं, आणि सापळ्याचा तो प्रसंग सिनेमात एका स्त्री पात्राकडे गेला.

डेमियन शझेलच्या 'व्हिपलॅश'चं दुखणं वेगळं होतं. संहिता वाचणाऱ्यांना आवडत होती, पण जॅझ शिकणारा ड्रमर हा विषय कोरडा वाटत होता. निर्मात्यांनी त्याला आधी एक प्रसंग करून दाखवायला लावला. शझेलने शेवटचा मोठा कार्यक्रम निवडला नाही. त्याने तालमीची खोली निवडली, जिथे गुरू शिष्याला लय चुकल्यावरून सगळ्यांसमोर सोलून काढतो. अठरा मिनिटं पाहिल्यावर कळतं, की हा संगीतपट थरारपटासारखा अंगावर येणार आहे. २०१३च्या सनडान्स महोत्सवात या लघुपटाला पारितोषिक मिळालं, पूर्ण सिनेमाला पैसा मिळाला आणि पुढे त्या सिनेमाने तीन ऑस्कर जिंकले. जे. के. सिमन्स दोन्हींत आहे. ड्रमर मात्र बदलला : लघुपटात जॉनी सिमन्स, सिनेमात माइल्स टेलर.

काटेकोरपणे पाहिलं तर ही दोन्ही उदाहरणं सिझल रीलची नाहीत, त्यांना 'प्रूफ ऑफ कन्सेप्ट' म्हणतात. रील तुकड्यांतून वातावरण उभं करते आणि हा प्रकार एक सलग प्रसंग पुरा करून दाखवतो. शंका दिग्दर्शकाच्या कुवतीबद्दल असेल तर कितीही देखणी रील उपयोगाची नाही, कारण उसन्या दृश्यांतलं दिग्दर्शन दुसऱ्याचं असतं. तिथे एक खोली, दोन नट आणि एक प्रसंग यांवरच पैसे घालावेत.

'रील जमली की सिनेमा झालाच'

दिग्दर्शक जो कार्नाहनची 'डेअरडेव्हिल' या कॉमिकमधल्या नायकावरच्या सिनेमाची रील जमली होती. सत्तरच्या दशकातलं न्यूयॉर्क, त्या काळच्या सिनेमांची दृश्यं आणि कॉमिकमधली चित्रं. पण फॉक्स कंपनीकडचे हक्क ऑक्टोबर २०१२मध्ये संपत होते. त्याआधी चित्रीकरण सुरू झालं नाही तर पात्र मार्व्हलकडे परत जाणार होतं, आणि ते गेलं. सिनेमा होणार नाही हे स्पष्ट झाल्यावर कार्नाहनने ती रील नेटवर टाकली आणि चाहते हळहळले. हक्कांचा, तारखांचा किंवा बजेटचा अडथळा रीलने हटत नाही. तिने फक्त 'हे दिसणार कसं' याचं उत्तर मिळतं.

'रील दाखवली म्हणजे कल्पना आपल्या नावावर झाली'

नाही. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये स्पष्ट केलं, की कल्पना, विषय किंवा कथावस्तू यांवर कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर असतो. म्हणून आधी संहिता पूर्ण करा, मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा आणि मगच रील घेऊन फिरा. या नोंदणीने हक्क जन्माला येत नाही, तो लिहिल्याबरोबरच येतो. पण अमुक तारखेला ही संहिता अशी होती, याचा पुरावा हाती राहतो. रील कुणाला, कधी, कोणत्या ईमेलने पाठवली याचीही टिपणं ठेवावीत.

आणि एक शक्यता कुणी सहसा सांगत नाही : काही संहितांना रील नकोच असते. एका घरात चार माणसं बोलतात आणि त्या बोलण्यातच सगळं घडतं, अशी गोष्ट असेल तर तिचा जीव संवादांत असतो, आणि दोन मिनिटांच्या दृश्यांतून तो कळत नाही. तिथे निर्मात्याची शंका 'हे बोलणं रंगेल का' एवढीच असते. ती रीलने मिटत नाही. पुण्या-मुंबईत नाटकाच्या तालमी केलेले चांगले नट मिळतात. त्यांतल्या चौघांना एका संध्याकाळी बसवा, निर्मात्याला बोलवा आणि संहितेतली पंधरा पानं मोठ्याने वाचून दाखवा.