डॉर्चेस्टरचा शायर हॉल: सहा शेतमजुरांचा खटला

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातला शायर हॉल म्हणजे १७९७ साली बांधलेलं कोर्ट. वास्तुविशारद थॉमस हार्डविक. दर्शनी भाग पोर्टलंडच्या फिकट दगडाचा, अगदी साधा. खरी गंमत आत आहे. तळघरातल्या कोठड्यांतून एक अरुंद जिना थेट आरोपीच्या पिंजऱ्यात निघतो. अंधारातून वर आलं की समोर न्यायाधीश!

मार्च १८३४ मध्ये इथे टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना उभं केलं. आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून सातवर आली, आणखी कपातीची धमकी होती, म्हणून जॉर्ज लव्हलेस आणि सोबत्यांनी संघटना बांधली. संघटना बेकायदा नव्हतीच! मग सभासदांनी घेतलेल्या शपथेवर बोट ठेवून नौदलातल्या बंडानंतर केलेला गुप्त शपथांविरुद्धचा कायदा उकरून काढला. तोही १७९७ चाच. शिक्षा: सात वर्षं ऑस्ट्रेलियात काळं पाणी. माझ्या मते हा उघड अन्याय होता. लोक खवळले, लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला आणि १८३६ मध्ये सरकारला माफी द्यावी लागली.

कादंबरीकार थॉमस हार्डीही पुढे इथे मॅजिस्ट्रेट म्हणून बसत. कोर्ट १९५५ साली बंद झालं, पण खटल्याचा कक्ष जपला गेला. २०१८ पासून इथे संग्रहालय आहे. इंग्लंडला गेलात तर कोठड्या आणि तो पिंजरा जरूर बघा.