लिनक्स सोपा कसा होईल?



गाडी आहे, बैल आहेत, पण गाडीवान नाही, तर गाडी चालेल का? संगणकाच्या गाडीवानाला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. लिनक्स हा असाच गाडीवान. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तो सुरू केला. तो फुकट मिळतो. तो कसा बनवला हेही उघडे असते, म्हणून कुणीही त्यात सुधारणा करू शकतो.

मग लोक तो का घेत नाहीत? भीती वाटते म्हणून.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमच्या शाळेचा जुना संगणक त्यावरच होता. सगळे म्हणाले, भंगारात द्या. गुरुजींनी पेनड्राइव्हवर लिनक्स आणला. बाबांनी विचारलं, "बिघडला तर?" गुरुजी म्हणाले, "आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघू. जुनं काही पुसत नाही. पटलं तरच आत टाकू."

पण पडद्यावर सगळं इंग्रजी. आईला काहीच कळंना. मग गुरुजींनी यादीतून मराठी निवडली. आपल्या सी-डॅक संस्थेने २००७ साली बॉस नावाचा लिनक्स काढला, त्यातही मराठी आहे.

प्रिंटर मात्र दोन दिवस चालला नाही. गुरुजी शेजारी बसले म्हणून जमलं.

म्हणजे तीन गोष्टी हव्यात : आधी करून बघायची सोय, आपली भाषा आणि शेजारी बसून दाखवणारं माणूस.

काल आईने लासलगावला नेलेल्या कांद्याचा हिशोब मराठीत लिहिला. शेजारी मी बसलो होतो!

— इयत्ता ४ थी