रंगीत तालमीच्या यादीत मावशीचे नाव कुठे आहे?

20 मार्च 1995 ची सकाळ. टोकियो शहरात लोकांची कामावर जाण्याची घाई. ओम शिनरिक्यो नावाच्या पंथाच्या माणसांनी भुयारी रेल्वेच्या तीन मार्गांवरील पाच गाड्यांत सरीन हे जालीम विष सोडले. थोड्याच वेळात जवळच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयाच्या दारात रीघ लागली. त्या एका दिवसात तिथे 640 रुग्ण आले. बहुतेक जण रुग्णवाहिकेची वाट न पाहता पायी किंवा मिळेल त्या वाहनाने आले. विष कोणते, हे कळायला सुमारे तीन तास गेले. तोवर रुग्णालयातील माणसे विष लागलेले कपडे हाताळत होती आणि त्यातून निघणारी वाफ श्वासावाटे घेत होती.

पुढे त्या रुग्णालयाने आपल्याच कर्मचाऱ्यांची पाहणी केली. 472 जणांनी उत्तरे दिली. त्यातील 110 जणांना विषाची बाधा झाली होती. कोणाला किती? डॉक्टरांपैकी सुमारे 22 टक्क्यांना, परिचारिकांपैकी सुमारे 26 टक्क्यांना आणि परिचारिकांच्या हाताखालील मदतनिसांपैकी 39 टक्क्यांना! जागेचा हिशेबही असाच डोळे उघडणारा आहे. सर्वाधिक बाधा तातडीच्या विभागात झाली नाही. ज्या प्रार्थनागृहात हवा खेळती नव्हती आणि जिथे रुग्णांना अंगावरच्या कपड्यांनिशी बसवले होते, तिथे ती झाली.

जपानसारख्या श्रीमंत देशातले हे आकडे आम्ही का सांगतो? कारण विष पद पाहत नाही, पण पद मात्र माणसाला विषाच्या जवळ नेऊन उभे करते. जो सर्वात खालच्या पायरीवर, तो रुग्णाच्या अंगाला सर्वात आधी आणि सर्वात जास्त वेळ भिडतो.

आता आपल्याकडे या. सरीन आणि आपल्या शेतात फवारली जाणारी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके एकाच कुळातली. उपचारात दोन्हींसाठी अ‍ॅट्रोपिनच लागते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जण प्राणास मुकले. म्हणजे विषाने भिजलेला रुग्ण आमच्या सरकारी रुग्णालयांना नवा नाही. टोकियोत जे एका दिवशी घडले, ते इथे दर हंगामात थोडे थोडे घडते.

अशा रुग्णाचे कपडे कोण उतरवते? वॉर्डबॉय. त्याची ओकारी कोण पुसते? मावशी. ते कपडे कोण उचलते आणि फरशी कोण धुते? सफाई कामगार. मृत्यू झालाच तर प्रेत शवागारात कोण नेते? पुन्हा तोच. या कामावर पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या जातींची माणसे आहेत, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. त्यातले कितीतरी आज ठेकेदाराच्या हजेरीवर आहेत. आज आहेत, उद्या नाहीत.

एका रुग्णालयात वायुगळतीची रंगीत तालीम झाली. साहेब आले, फोटो निघाले, नवे कोरे सूट अंगावर चढले. तिथल्या मावशीला आम्ही विचारले, "तुमचे काम काय होते?" ती म्हणाली, "दादा, आम्हाला बाहेर थांबवलं होतं. सगळे गेल्यावर झाडायला बोलावलं."

तिच्या या दोन वाक्यांत सगळी तयारी उघडी पडली. कपाटातला सूट वाचवत नाही, तो घालायची सवय असलेला माणूस वाचतो. आणि या तालमीत ज्याच्या अंगावर सूट चढला, तो रात्रपाळीला दारात उभा नसतो.

दुसरी गोष्ट माहितीची. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात हजारो माणसे तडफडत आली, तेव्हा वायू कोणता आणि उतारा काय, हे डॉक्टरांनाच धड सांगितले गेले नव्हते. कंपनीकडून सांगितले गेले ते हा अश्रुधुरासारखा त्रासदायक वायू आहे, असे. जिथे डॉक्टरला अंधारात ठेवले जाते, तिथे सफाई कामगाराला कोण विचारणार? आणि कपड्याला येणारा उग्र वास पहिल्यांदा त्याच्याच नाकाला कळला, तरी साहेबांपुढे बोलायची त्याची छाती होते का? ही उतरंड केवळ अपमान करीत नाही, ती जीवही घेते.

उपाय फार खर्चिक नाहीत. रुग्णाला आत घेण्याआधी दारातच, उघड्या हवेत, आडोसा करून कपडे उतरवा. निम्म्याहून अधिक विष तिथेच जाते. मग भरपूर पाण्याने अंग धुवा. कपडे पिशवीत बंद करून वेगळे ठेवा. साध्या कापडी मास्कने वायू अडत नाही आणि पातळ हातमोज्यांतून कीटकनाशक झिरपते, हे कामगाराला मराठीत, करून दाखवून सांगा. रात्रपाळीतही तालीम घ्या. ठेकेदाराच्या माणसालाही तेच साहित्य, तेच प्रशिक्षण द्या आणि त्याला बाधा झाली तर तीच भरपाई द्या. आणि धोका दिसताच "थांबा" म्हणण्याचा अधिकार मावशीलाही असू द्या.

1942 साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी त्रिपक्षीय श्रम परिषदेचे अध्यक्षपद भूषवले. सरकार, मालक आणि कामगार एका टेबलाशी बसले. ज्याच्या जिवाचा प्रश्न, त्याला टेबलाशी जागा, हा त्यातला धडा आहे. रुग्णालयाच्या आपत्ती समितीत ती जागा आज कोणाला आहे?

चळवळीतील कार्यकर्त्यांना आणि कामगार संघटनांना आमचे सांगणे आहे. आपल्या तालुक्याच्या, जिल्ह्याच्या रुग्णालयात जा. आपत्कालीन आराखडा मागा. माहितीचा अधिकार हाताशी आहेच. त्यातली नावांची यादी वाचा. अधीक्षकांचे नाव असेल, डॉक्टरांचे असेल. मावशीचे नाव आहे का, ते पाहा. नसेल, तर ते लिहून घेतल्याशिवाय परत येऊ नका.