आमच्या आंब्यावरचा गरुड

माझा भाऊ अबू धाबीत नोकरीला आहे. डिसेंबरात मुलांच्या शाळेला सुटी लागली की भाभी आणि दोन्ही मुलांना घेऊन तो जयगडला येतो. या खेपेला घरात पाऊल टाकताच नऊ वर्षांच्या भाच्याने मोबाईल माझ्या हातात दिला. फोटोत त्याच्या इवल्याशा मुठीवर जाडजूड चामडी हातमोजा होता आणि त्यावर ऐटीत बसलेला ससाणा.

"फूफू, इथे हे कुठे बघायला मिळतात? तिकीट किती असतं?"

त्याचं चुकत नव्हतं. तिकडे बाज पाळणं हा मोठा मानाचा शौक. अबू धाबीत १९९९ पासून खास ससाण्यांचं इस्पितळ आहे. तिथे आजारी पक्ष्यांवर इलाज होतात, तुटलेल्या पिसाच्या जागी दुसरं पीस बसवून देतात. परदेशी जाणाऱ्या ससाण्याला तिकडचं सरकार चक्क पासपोर्ट देतं. पक्षी शांत राहावा म्हणून डोळ्यांवर जी चामडी टोपी चढवतात तिला अरबीत बुर्काच म्हणतात, हे भाभीने सांगितलं तेव्हा आमची अम्मी बराच वेळ हसत होती.

हा शौक आपल्या मुलखातही होता. बाज, बहिरी, शिकरा, शाहीन हे शब्द फारसीतून आपल्याकडे आले ते बादशहा-सरदारांच्या शिकारखान्यांतूनच. 'शिकरा' हा शब्द तर इंग्रजांनीही तसाच उचलला. शिकवलेल्या जनावराने किंवा पक्ष्याने मालकासाठी धरलेली शिकार अल्लाहचं नाव घेऊन खाण्याची परवानगी सूरह माइदामध्ये आहे, म्हणजे अरबस्तानात ही विद्या किती जुनी असेल ते बघा. पण भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हे पक्षी पकडणं आणि पाळणं गुन्हा आहे. त्यामुळे मुठीवर बाज बसवायचं केंद्र आपल्याकडे नाही. भाच्याचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "तिकीट नाही, हातमोजा नाही. पण उद्या सकाळी माझ्याबरोबर चल."

दुसऱ्या दिवशी फजरनंतर घावन आणि जवळ्याची चटणी डब्यात भरून आम्ही सगळे धक्क्यावर गेलो. मासेमारीच्या होड्या नुकत्याच लागल्या होत्या. वर तांबूस पाठीच्या, पांढऱ्या डोक्याच्या घारींचा फेर चालला होता. ही ब्राह्मणी घार. पाण्यावर टाकलेली मासळीची घाण ती उडता उडता पायाने उचलते आणि थांबायची तसदी न घेता हवेतच खाते. भाच्याने वीसपर्यंत मोजल्या आणि मग नाद सोडला. तवसाळकडे निघालेल्या फेरीबोटीच्या मागेही दोन-तीन जणी होत्याच.

तिथून किल्ल्यावर चढलो. जयगड विजापूरच्या आदिलशाहीत बांधला गेला, पुढे कान्होजी आंग्र्यांकडे आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. इतकं भावाने मुलांना पाच मिनिटांत उरकून सांगितलं आणि मुलांनीही तितक्याच घाईने ऐकलं. खरी मजा बुरुजावर. एका बाजूला शास्त्री नदीची खाडी, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र आणि मध्ये बंदराच्या उंच क्रेन. खाडीवर एक मीनखाई घार घिरट्या घालत होती. थंडीत उत्तरेकडून येणारी ही पाहुणी. एका जागी पंख फडफडवत थांबली, पाय पुढे करून धपकन पाण्यात पडली, आणि रिकामीच वर आली. भाची म्हणाली, "हिला पण मिळत नाही म्हणजे." त्या आठवड्यात बाजारात सुरमई फार महाग होती.

आणि मग तो आला. आधी सावली, मग पक्षी. समुद्री गरुड. राखी पाठ, दुधासारखं पांढरं पोट, पसरलेले पंख सुमारे सहा-सात फूट, आणि ते किंचित वर उचललेले. पंख हलवायची त्याला गरजच पडत नव्हती. सूरह मुल्कमध्ये डोक्यावर पंख पसरणाऱ्या आणि मिटणाऱ्या पाखरांकडे बघायला सांगितलं आहे, त्यांना रहमानखेरीज कोण सावरतं असं विचारलं आहे. लहानपणी मदरशात ही सूरह पाठ केली, पण मान वर करून बघितलं ते असं कधीतरीच. भाचा फोटो काढायचाच विसरला. गरुडाच्या पंजात काहीतरी लांब लोंबत होतं. "साप!" तो ओरडला. समुद्री सापच होता. मासळीबरोबर हा पक्षी तेही खातो. भक्ष्य घेऊन तो आमच्या वाडीकडे वळला.

कुठे जातो ते मला ठाऊक होतं, आणि भावालाही. आमच्या सामाईक जागेतल्या जुन्या रायवळ आंब्याच्या शेंड्यावर त्याचं घरटं आहे. जोडपं वर्षानुवर्षं त्याच घरट्यात काटक्यांची भर घालत राहतं. आता ते बैलगाडीच्या चाकाएवढं झालंय. खरं तर त्याच झाडाचा निर्णय करायला भाऊ या वेळी आला होता. सामाईक घराचं छप्पर पावसाळ्यापूर्वी बदलायला हवं, आणि झाड विकून तो खर्च काढायचा असं चुलतभावांनी ठरवलं होतं. त्यात वाईट काही नव्हतं. आंबा दोन वर्षं धरलेला नाही आणि गळणाऱ्या घरात चाची एकटी राहते.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या विश्वास काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोकण किनाऱ्यावर फिरून या गरुडांच्या घरट्यांची नोंद केली आहे. ही घरटी रानातच असतात असं नाही. माणसांच्या वाड्यांतल्या उंच झाडांवरही असतात. म्हणजे ती टिकणं न टिकणं आपल्यासारख्यांच्याच हातात. कायद्याने घरट्याला धक्का लावणं हा शिकारीइतकाच गुन्हा, आणि आंबा तोडायला परवानगीही लागते. हे मी चुलतभावाला आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, "कायद्याने छप्पर गळायचं थांबतं का?"

दुपारी झाडाखाली चटई टाकून जेवलो. जुहरनंतर अम्मीने मुलांना एक गोष्ट सांगितली. प्रवासात कुणीतरी एका पाखराची पिल्लं उचलली, ते पाखरू कासावीस होऊन पंख पसरत राहिलं, आणि प्रेषित (स.) यांनी पिल्लं परत ठेवायला लावली. ही हदीस भावानेही लहानपणी तिच्याचकडून ऐकलेली. तो काही बोलला नाही. खाली पडलेली सापाच्या मणक्याची माळ भाच्याने उचलून त्याच्या हातात ठेवली, तेव्हा ती तो बोटांनी चाचपत राहिला.

संध्याकाळी लाकूडवाला टेप घेऊन आला. भावाने त्याला चहा दिला आणि सांगितलं की घरट्यातून पक्षी उडाल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही. चुलतभाऊ चिडला. "म्हणजे मे. मग कौलं कधी चढवायची?" बराच वेळ वाद झाला. शेवटी पत्र्याचे पैसे भावाने स्वतः द्यायचे ठरले. पुढच्या वर्षी परत जायच्या तिकिटांचं काय, हा प्रश्न भाभीने सगळ्यांसमोर विचारला नाही, रात्री विचारला. झाडाचं पुढे काय हे अजून ठरलेलं नाही. चुलतभाऊ माझ्याशी तुटक बोलतो.

छप्पर मार्चमध्ये झालं. भाचा दर जुम्म्याला फोन करतो. आधी सलाम, मग लगेच घरट्याची चौकशी. गेल्या आठवड्यात त्याला सांगितलं की पिल्लू एकच आहे, रंगाने आईबापांसारखं नाही, तपकिरी आहे, आणि घरट्याच्या काठावर उभं राहून वाऱ्यात पंख उघडून बघतं. उडतं का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, अजून नाही. चाचीच्या नव्या पत्र्यावर मात्र रोज माशाचे काटे पडतात, आणि ती रोज कुरकुरत झाडते.