पाट फुटला कुठे, पाणी साचलं कुठे?
(जुन्या मोटारगाडीतील ऑइल व पाण्याची गळती ओळखण्याविषयी)



या पानावर आम्ही एरवी लागण, खतांच्या मात्रा, खोडवा व्यवस्थापन याविषयी लिहितो. या वेळचा विषय मोटारगाडीचा आहे. कारण असे की, गटाची बैठक संपली की ऊस बाजूला राहतो आणि अंगणातल्या जुन्या गाडीची गोष्ट निघते. आपल्या कार्यक्षेत्रातल्या पुष्कळ घरांत एक भाऊ शेतीवर आणि एक भाऊ नवी मुंबईत, अशी वाटणी आहे. कुणी वाशीच्या बाजार समितीत माथाडी कामाला, कुणी तुर्भ्याच्या कारखान्यात. दोन्ही घरांना जोडणारी एकच जुनी गाडी असते. म्हातारीला दवाखान्यात न्यायचं, पोराला कॉलेजवर सोडायचं, सणाला गावी यायचं, सगळं तिच्यावर. ती बंद पडली की दोन्ही घरं अडतात.

आमची एक चूक

गेल्या पावसाळ्यात एका सभासदांबरोबर आम्ही त्यांच्या भावाकडे कोपरखैरण्याला मुक्कामाला होतो. गाडी १८ वर्षांची, डिझेलवर चालणारी. सकाळी गाडी काढली तर खाली ताटाएवढा काळा डाग. जवळच्याच एका गॅरेजात दाखवली. मिस्त्रींनी वाकून पाहिलं आणि सांगितलं, "इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून ऑइल येतंय. मागचं क्रँक सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." सभासद आमच्याकडे बघू लागले. आम्ही म्हणालो, "घ्या करून, घाटात फसायला नको."

दोन दिवस मोडले आणि बेण्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. परतताना खोपोली सोडून घाट चढायला लागलो तोच जळक्या तेलाचा वास आला. जागा बघून गाडी थांबवली, खाली पाहिलं, तर ऑइल त्याच जोडावर! गावी आल्यावर आपल्या इथल्या फिटरने आधी इंजिन धुतलं, पुसून कोरडं केलं, दहा मिनिटं चालू ठेवलं आणि बॅटरीच्या उजेडात बोट दाखवलं. इंजिनच्या डोक्यावर जे टॅपेट कव्हर असतं, त्याचं पॅकिंग मागच्या कोपऱ्यात कडक होऊन चिरलं होतं. तिथून ऑइल इंजिनच्या पाठीवरून ओघळत खालच्या जोडापर्यंत येत होतं. पॅकिंग बदलायला तासही लागला नाही.

शेतात आपण असं करत नाही. खालच्या सरीत पाणी साचलं म्हणून साचल्या जागी कुणी माती टाकत नाही. पाटाच्या कडेने वर चालत जातो आणि फुटलेली जागा शोधतो. गाडीचाही नियम हाच. डाग जिथे पडतो तिथे दोष असतोच असं नाही. ऑइल वरून खाली ओघळतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे उडतं. म्हणून ओलाव्याची सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा शोधावी.

पहिलं काम: काय गळतंय ते ओळखा

रात्री गाडी सपाट जागी लावून खाली जुना पुठ्ठा पसरावा. पुढची चाकं कुठे आली याची त्यावर खूण करावी. सकाळी डागाचा रंग, वास आणि जागा पाहावी.

१. तपकिरी किंवा काळं, बुळबुळीत: इंजिन ऑइल. डिझेल इंजिनात नवं ऑइलही लवकर काळं पडतं, त्याने घाबरू नये.

२. दाट आणि गंधकासारखा उग्र वास: गिअरबॉक्स किंवा डिफरन्शिअलचं ऑइल.

३. हिरवं, तांबडं किंवा निळं, पाण्यासारखं पातळ, गोडसर वासाचं: रेडिएटरमधलं कुलंट. वास गोड असला तरी ही काकवी नव्हे! बहुतेक कुलंटमध्ये असणारं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि गोडीमुळे कुत्री, वासरं ते चाटतात. सांडलेलं लगेच धुऊन काढावं.

४. फिकट पिवळं, पातळ, चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेक पेडलच्या आसपास: ब्रेक ऑइल. याविषयी पुढे लिहिले आहे.

५. स्वच्छ, बिनवासाचं पाणी: एसीचं पाणी. खाडीकाठच्या दमट हवेत एसी लावली की हे भरपूर पडतं. नवी मुंबईत पुष्कळ जण याच पाण्याने घाबरून गॅरेज गाठतात. हा दोष नाही.

दुसरं काम: धुवा, मग शोधा

इंजिन पूर्ण थंड असताना ब्रश आणि इंजिन धुण्याचं द्रावण घेऊन मळ काढावा. अल्टरनेटर आणि विजेच्या जोडण्या प्लास्टिकच्या पिशवीने झाकाव्यात. धुण्यासाठी पेट्रोल कधीही वापरू नये. इंजिन कोरडं झालं की संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरावी, पिशव्या काढाव्यात, दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद करावं आणि बॅटरीने पाहावं. पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ उमटते, ती धरून वर जावं. चालत्या इंजिनात पंखा आणि पट्ट्याजवळ हात किंवा टॉवेलचं टोक नेऊ नये.

ऑइलच्या बाबतीत सोप्या आणि स्वस्त जागा आधी पाहाव्यात: टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल फिल्टरचं रबर, ऑइल प्रेशरचा स्विच, चेंबरच्या नटाचा वॉशर. हे सगळं कोरडं असेल तरच पुढच्या आणि मागच्या क्रँक सीलकडे वळावं.

आणखी एक गोष्ट. सील बदललं तरी महिन्याभरात पुन्हा गळती, असं काही गाड्यांत होतं. तेव्हा इंजिनचा श्वास, म्हणजे ब्रीदरची नळी, तुंबलेली आहे का ते पाहावं. आतला वायू बाहेर पडायला वाट मिळाली नाही की तो ऑइलला सिलांमधून बाहेर ढकलतो. ऑइल खुणेपेक्षा जास्त भरलं तरी गळती वाढू शकते. नळी साफ असूनही तिच्यातून जोराने धूर फुंकला जात असेल, तर पिस्टन रिंगा झिजल्याची शंका घ्यावी.

पाण्याची गळती

सुमारे १ बार दाबाखाली पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरचं झाकण हा दाब धरून ठेवतं. झाकणाचं रबर गेलं तर दुसरं काहीही न फुटता पाणी बाहेर जातं. म्हणून झाकण आधी तपासावं. मात्र गरम इंजिनावर झाकण कधीही उघडू नये. चेहरा आणि हात भाजतात.

नंतर होज पाइपांची टोकं आणि क्लिपा, रेडिएटरच्या टाकीचे सांधे, थर्मोस्टॅटचं घर आणि वॉटर पंप पाहावा. पुष्कळ वॉटर पंपांना खाली एक बारीक भोक असतं. तिथून थेंब पडत असतील तर आतलं सील संपलं असं समजावं. विहिरीच्या मोटरपाइपावर जशी क्षाराची पुटं चढतात, तशी पुटं सांध्यावर दिसली तर तिथेच गळती होऊन सुकलेली असते. चालकाशेजारचा गालिचा ओला आणि काचेवर गोडसर वासाचं धुकं असेल, तर दोष हीटरमध्ये. बोअरचं पाणी रेडिएटरला घालू नये. क्षार आत साचतात. कुलंट आणि क्षार नसलेलं पाणी डब्यावर दिलेल्या प्रमाणात मिसळावं.

काही दिसलंच नाही तर गॅरेजात हातपंपाने दाबाची चाचणी करून मागावी. झाकणावर लिहिलेल्या दाबापेक्षा जास्त दाब देऊ नये. काटा खाली येऊ लागला की गळती आहे, हे नक्की.

डाग नाही, पण पाणी कमी होतं

ही सर्वांत धोक्याची गळती. हेड गॅस्केट फुटली की पाणी इंजिनच्या आत जातं. खुणा अशा: इंजिन गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर धूर, थंड इंजिन चालू करताच वरचा होज पाइप कडक होणं, टाकीत सतत बुडबुडे, डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखं ऑइल. मात्र पावसाळ्यात वाशी ते सानपाडा अशा तोकड्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत, ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पांढरट साका नुसत्या दमटपणानेही धरतो. तेवढ्यावरून इंजिन खोलू नये. गाडी एकदा लांब चालवून पुन्हा पाहावं.

गाडी कधी थांबवावी

ब्रेक ऑइल किंवा इंधन गळत असेल तर गाडी एक पाऊलही हलवू नये. ऑइलचा दिवा लागला तर सुरक्षित जागा बघून लगेच इंजिन बंद करावं. तापमानाचा काटा तांबड्यात गेला तर "एवढा घाट चढून जाऊ" म्हणू नये. दोनशे रुपयांच्या होज पाइपापायी सगळं इंजिन जाम होतं. थेंबथेंब ऑइलची गळती असेल, तर दर आठवड्याला डिपस्टिक पाहून किलोमीटर वहीत लिहावेत आणि सवडीने काम करावं.

सभासद बंधूंनो, उसाला पाणी कमी पडलं तर पान सांगतं, गाडीला कमी पडलं तर काटा सांगतो. आपण पाहिलं पाहिजे. गॅरेजात जाल तेव्हा "आधी धुऊन, गळती कुठून होते ती जागा मला दाखवा, मग काय ते खोला" एवढं एक वाक्य जरूर म्हणावं. चांगला मिस्त्री याचा राग मानत नाही. त्या दिवशी आम्ही हे म्हणालो असतो, तर एका सभासदाचे बेण्याचे पैसे वाचले असते.

— ऊस विकास अधिकारी