कादंबरीतले जग पडद्यावर का आटते?

डायना विन जोन्स यांची 'हाऊल्स मूव्हिंग कॅसल' ही अद्भुतरम्य कादंबरी १९८६ची. हायाओ मियाझाकी यांनी २००४ मध्ये तिच्यावर ॲनिमे चित्रपट केला. कादंबरीतला जादूगार हाऊल मूळचा आपल्याच जगातल्या वेल्सचा. त्याच्या घराचे एक दार तिकडे उघडते. चित्रपटात वेल्स नाहीच.

कादंबरी गोष्ट थांबवून राज्यांचा इतिहास, मंत्रांचे नियम, वंशावळी सांगू शकते. अडलेला वाचक मागचे पान उलटतो. पडद्यावर काळ थांबत नाही. खुलासा कुणाच्या तरी तोंडी घालावा लागतो, आणि पात्रे एकमेकांना ठाऊक असलेलेच सांगू लागली की प्रसंग मरतो.

पेडण्याच्या जत्रेतला दशावतारी काला हेच करतो. लिखित संहिता नाही, नेपथ्य म्हणजे एक बाकडे. राजा त्यावर बसला की दरबार भरला. पूर्वरंगात संकासुर येतो आणि विष्णूच्या हातून मरतो. वेद कसे पळवले, विष्णूने मत्स्यरूप का घेतले, हा पुराणातला पसारा तिथे विस्ताराने येत नाही. (थट्टामस्करीला मात्र भरपूर वेळ असतो!) गाळलेले सारे पोथी-कीर्तनातून प्रेक्षकाच्या मनात आधीच असते, म्हणून पोकळी जाणवत नाही. हाऊलचे वेल्स मात्र कादंबरी न वाचलेल्याला कुठूनच मिळत नाही.

आज म्हापशातल्या वर्गात संकासुर कोण असे विचारले, तर काळा पोशाख मुलांना आठवतो. त्याने काय चोरले होते, हे सांगणारा हात क्वचितच वर होतो.